साखरेची गोळी शरीरात नेमकी कुठे काम करते?

खडूफळा:

औषधशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे मी स्वतः मधुमेहाच्या गोळ्या घेत शिकवत होतो. येथे आहाराविषयी आणि व्यायामाविषयी पुष्कळ धागे आहेत, परंतु ज्या गोळ्या आपल्यापैकी कित्येक जण रोज न चुकता गिळतात त्या पोटात गेल्यावर पुढे काय करतात, याविषयी सविस्तर लिहिलेले मला आढळले नाही. म्हणून हा प्रयत्न. धागा टाइप २ मधुमेहापुरता आहे आणि यात कोणाच्याही गोळ्या बदलण्याचा सल्ला नाही.

‘साखरेची गोळी’ या शब्दप्रयोगाने एक गैरसमज मनात घर करून बसतो. गोळी रक्तात शिरते, तिथली साखर हुडकते आणि विरघळवून टाकते, असे चित्र डोळ्यांसमोर येते. अशी साखर खाऊन टाकणारी एकही गोळी अस्तित्वात नाही. प्रत्येक गोळी कोणत्या ना कोणत्या अवयवाचे वागणे बदलते आणि साखर उतरते ती त्या बदललेल्या वागण्यामुळे. अवयव कोणता हे एकदा कळले की गोळी जेवणाआधी का, जेवणासोबत का, अमुक गोळीने साखर एकदम खाली का जाते आणि तमुक गोळीने का जात नाही, यांतले फारसे काही पाठ करावे लागत नाही.

आधी एक छोटा हिशोब करू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरली, तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. तपासणीत २०० आकडा आला की घरात धावपळ सुरू होते, तेव्हाही रक्तात फक्त आणखी एक चमचा साखर जास्त असते. याउलट आपले यकृत रात्रभर, आपण झोपेत असताना, ताशी सुमारे ८ ग्रॅम साखर रक्तात सोडत असते, कारण मेंदूला ती अखंड लागते. चमचाभर साठा, आणि त्यात एका बाजूने सतत भर व दुसऱ्या बाजूने सतत उपसा. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या या भरीवर किंवा या उपशावर काम करतात.

भर कमी करणारी पहिली गोळी मेटफॉर्मिन. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातील वनस्पतीत साखर उतरवणारे ग्वानिडीन जातीचे द्रव्य सापडले, त्याच कुळातले हे रसायन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले, पण माणसांवर त्याचा मधुमेहासाठी वापर करून झाँ स्टेर्न या फ्रेंच वैद्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले ते १९५७ साली. इन्सुलिनचे एक महत्त्वाचे काम म्हणजे यकृताला ‘आता पुरे, साखर सोडणे थांबव’ असे सांगणे. टाइप २ मधुमेहात यकृत हे ऐकेनासे होते. रात्री काहीही न खाता सकाळची साखर चढलेली असते, याचे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर पुष्कळदा यकृतात असते. मेटफॉर्मिन यकृताच्या पेशींतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा तयार होते त्या जागी, थोडा अडथळा आणते. पेशीला ऊर्जा कमी पडल्याची जाणीव होऊन एएमपीके नावाचे विकर (एन्झाइम) जागे होते आणि नवी साखर बनवण्याचे खर्चिक काम पेशी आवरते घेते. ही गोळी स्वादुपिंडाकडे इन्सुलिन मागत नाही. त्यामुळे ती एकटीच चालू असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली जात नाही.

दुसरा गट सल्फोनिलयुरिया, ज्यात ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही नावे येतात. याचा शोध चुकून लागला आणि ती गोष्ट वर्गात सांगायला मला फार आवडत असे. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जांबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. काही रुग्णांची साखर भलतीच खाली गेली आणि काही दगावले. त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी तेच औषध कुत्र्यांना दिले, तेव्हा त्यांचीही साखर उतरली. मात्र ज्या कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून टाकले होते त्यांच्यावर औषधाचा काहीच परिणाम झाला नाही. औषध कुठे काम करते याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. ज्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशीच उरलेल्या नाहीत, त्या टाइप १ च्या रुग्णांना या गोळ्या का चालत नाहीत, तेही या एका प्रयोगातून कळते.

बीटा पेशीच्या आवरणावर पोटॅशियमची सूक्ष्म दारे असतात. एरवी ती उघडी असतात. जेवणानंतर साखर पेशीत शिरते, तिच्यापासून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेमुळे ही दारे मिटतात, पेशीवरील विद्युतभार पालटतो, कॅल्शियम आत घुसते आणि इन्सुलिनने भरलेल्या इवल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. सल्फोनिलयुरिया ही दारे थेट मिटवते. जेवण झाले की नाही याची ती वाट पाहत नाही. पेशीला ती जेवणाची खोटी वर्दी देते म्हणा ना. वर्दी खरी ठरवण्यासाठी आपल्याला वेळेवर जेवावे लागते. रेपाग्लिनाइड आणि नॅटेग्लिनाइड ही औषधेही याच दारांवर काम करतात, फक्त ती लवकर येतात आणि लवकर जातात, म्हणून प्रत्येक जेवणाआधी घ्यायची आणि जेवण नसेल तर गोळीही नाही.

ग्लिप्टिन गटाची तऱ्हा अधिक समंजस आहे. तीच साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिली, तर इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवते, हे १९६० च्या दशकात दिसून आले. आतडे अन्न पाहून जीएलपी-१ सारखी संप्रेरके सोडते आणि ती स्वादुपिंडाला आगाऊ सूचना देतात. ही सूचना फार अल्पजीवी असते, कारण डीपीपी-४ नावाचे विकर जीएलपी-१ चे दोनेक मिनिटांत तुकडे करते. सिटाग्लिप्टिन हे २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले या गटातले पहिले औषध, आणि त्यानंतरची व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन वगैरे औषधे या कात्रीची धार बोथट करतात. जीएलपी-१ चा परिणाम साखर चढलेली असतानाच होतो, त्यामुळे येथे खोटी वर्दी नाही. पण त्याचमुळे परिणामही बेताचा, तीन महिन्यांच्या सरासरीत म्हणजे एचबीए१सी मध्ये साधारण अर्धा ते पाऊण टक्का घट.

आता माझा आवडता गट, ग्लिफ्लोझिन: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कानाग्लिफ्लोझिन. यांचा स्वादुपिंडाशी थेट संबंध नाही. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्याबरोबर १८० ग्रॅमच्या आसपास साखरही गाळली जाते. निरोगी माणसाच्या लघवीत ती दिसत नाही, कारण मूत्रनलिका ती सगळी परत आत ओढून घेते आणि त्यातले ९० टक्के काम एसजीएलटी-२ नावाचे वाहक प्रथिन करते. ग्लिफ्लोझिन हे वाहक अडवते, त्यामुळे दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. ज्या लक्षणावरून पूर्वी मधुमेह ओळखत, ते लक्षणच येथे उपचार झाले आहे.

या गटाचा पूर्वज १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून वेगळा काढलेला फ्लोरिझिन हा पदार्थ. त्यामुळे लघवीतून साखर जाते हे १८८६ साली जोसेफ फॉन मेरिंग यांनी दाखवले. पुढे १८८९ साली ऑस्कर मिन्कोव्स्की यांच्यासोबत कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेहाचे मूळ दाखवणारे तेच हे फॉन मेरिंग. एकाच माणसाच्या हाताखालून रोगाचे मूळ आणि सव्वाशे वर्षांनी येणाऱ्या औषधाची चाहूल अशी दोन्ही गेली. फ्लोरिझिन स्वतः औषध म्हणून चालले नाही, कारण आतड्यात त्याचे विघटन होते आणि ते आतड्यातले साखरवाहकही अडवते.

उरलेल्या दोन गटांविषयी थोडक्यात. पायोग्लिटाझोन चरबीपेशींच्या केंद्रकातील एका ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवते. पेशी वेगळी प्रथिने तयार करू लागतात आणि स्नायू, यकृत व चरबी इन्सुलिनचे अधिक ऐकू लागतात. हा बदल जनुकांच्या पातळीवरचा असल्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात, आणि अंगात पाणी साठत असल्यामुळे हृदय कमकुवत असलेल्यांना हे औषध देत नाहीत. ॲकार्बोज आणि व्होग्लिबोज लहान आतड्यातच थांबतात. पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर करणारी विकरे ती अडवतात, म्हणून ती पहिल्या घासासोबत घ्यायची. न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाते, तिथल्या जीवाणूंची चंगळ होते आणि पोट फुगते. तो दुष्परिणाम म्हणजे गोळी आपले काम करत असल्याची खूण, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे; स्वतः व्होग्लिबोज घेऊ लागल्यावर मात्र ते वाक्य बंद केले.

अर्धविराम:

लेख फार आवडला. एक शंका आहे आणि ती थोडी संकोचाची आहे. माझी आई दीर्घकाळ झिरपणारी मेटफॉर्मिनची गोळी घेते. गेल्या महिन्यात तिला शौचावाटे अख्खी गोळी पडलेली दिसली आणि औषध अंगी लागतच नाही असे समजून तिने तीन दिवस गोळी बंद केली. मलाही ती गोळी पाहून आश्चर्य वाटले, कारण आकार जवळपास तसाच होता, फक्त थोडी फुगलेली आणि मऊ.

खडूफळा:

संकोच कशाचा, हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी दरवर्षी विचारत असे. आईंना जे दिसले ते गोळीचे रिकामे टरफल आहे. या प्रकारच्या गोळीत औषध एका चिवट जाळीत बसवलेले असते. पोटातले पाणी शोषून ती जाळी जेलसारखी फुगते आणि औषध कित्येक तास हळूहळू झिरपत राहते. जाळी मात्र पचत नाही, म्हणून ती औषध सोडून झाल्यावर जशीच्या तशी बाहेर पडते. फुगलेली आणि मऊ हे तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे. याच कारणाने ही गोळी चावून किंवा कुटून घ्यायची नसते, कारण जाळी मोडली तर दिवसभराचे औषध एकदम सुटते आणि मळमळ, जुलाब सुरू होतात. आईंना ती पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी बोलायला सांगा.

शंकासुर:

माहिती चांगली आहे, परंतु मला दोन मुद्द्यांवर हरकत घ्यायची आहे. पहिला मुद्दा असा की या गोळ्यांनी मूत्रपिंडे खराब होतात, ही गोष्ट आपण टाळलेली दिसते. माझ्या ओळखीतल्या दोघांची मेटफॉर्मिन मूत्रपिंडाचा अहवाल बिघडल्यावर डॉक्टरांनी बंद केली. गोळी निर्दोष असती तर ती बंद का केली असती? दुसरा मुद्दा, सल्फोनिलयुरिया स्वादुपिंडाला चाबूक मारून काम करवून घेते असे आपणच लिहिले आहे. थकलेल्या घोड्याला चाबूक मारला तर तो लवकर पडणारच.

खडूफळा:

चाबूक हा शब्द माझा नाही, मी वर्दी म्हटले होते. पण मुद्दा रास्त आहे.

मूत्रपिंडाबाबत कार्यकारणभाव उलटा लागला आहे. मेटफॉर्मिनवर यकृतात काही प्रक्रिया होत नाही, ती जशी येते तशीच मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावली की गोळी रक्तात साठत जाते आणि साठलेल्या मेटफॉर्मिनमुळे क्वचित लॅक्टिक ॲसिडोसिस ही रक्तातील आम्ल वाढण्याची गंभीर अवस्था ओढवू शकते. तिचे भावंड असलेले फेनफॉर्मिन याच कारणाने १९७० च्या दशकात अनेक देशांत बाजारातून काढून घेतले गेले. म्हणून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाजी आकडा, ३० च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन थांबवतात आणि ४५ च्या खाली असताना नव्याने सुरू करत नाहीत. नाली तुंबली म्हणून आपण नळ बंद करतो. नळामुळे नाली तुंबली असा त्याचा अर्थ होत नाही. मूत्रपिंडे बिघडवते ती वर्षानुवर्षे चढलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब. ग्लिफ्लोझिन गट तर आता मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावण्यासाठीही दिला जातो.

स्वादुपिंडाच्या थकव्याविषयी मात्र मी तुम्हाला पूर्णपणे खोडून काढणार नाही. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, त्यात उपचार कोणताही असला तरी वर्षांगणिक साखर पुन्हा वर सरकत गेली. म्हणजे बीटा पेशींचा ऱ्हास हा रोगाचा स्वतःचा स्वभाव आहे. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ॲडॉप्ट या चाचणीत एकट्या गोळीचा उपचार ५ वर्षांत अपुरा पडण्याचे प्रमाण ग्लिबेनक्लामाइडमध्ये ३४ टक्के, मेटफॉर्मिनमध्ये २१ टक्के आणि पायोग्लिटाझोनच्याच गटातल्या रोसिग्लिटाझोनमध्ये १५ टक्के निघाले. सल्फोनिलयुरियाचा जोर लवकर ओसरतो हे खरे आहे. त्याने पेशी मरतात असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

शंकासुर:

नळ आणि नाली पटले. दुसऱ्या मुद्द्यावर आपण अर्धे पाऊल मागे आलात, तेवढे मला पुरे आहे.

सूक्ष्मदर्शी:

लेखकाच्या अनुभवाचा आदर ठेवून एक दुरुस्ती सुचवतो. मेटफॉर्मिनचे सगळे श्रेय एएमपीकेला देण्याचा काळ मागे पडला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ज्या उंदरांच्या यकृतात हे विकरच नव्हते, त्यांचीही साखर मेटफॉर्मिनने उतरली. ऊर्जेची चणचण स्वतःच साखरनिर्मिती रोखते आणि त्यासाठी एएमपीकेची मध्यस्थी अपरिहार्य नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय या गोळीचे आतड्यातले काम आपल्या लेखात आलेच नाही. आतड्याच्या भिंतीत मेटफॉर्मिनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते आणि तिथल्या पेशी तिच्यामुळे साखर अधिक वापरू लागतात. मी प्रतिमानिदान विभागात काम करतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचून ती शरीरात कुठे ओढली जाते ते आम्ही पाहतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाचे आतडे पडद्यावर अक्षरशः झळकते आणि त्यामागे गाठ दडली असेल तर दिसणार नाही, म्हणून पोटाच्या स्कॅनआधी बऱ्याच ठिकाणी ही गोळी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात.

खडूफळा:

दुरुस्ती मान्य. मी निवृत्त होईपर्यंत फळ्यावर तीच जुनी साखळी काढत होतो आणि येथेही हात तिकडेच वळला. झळकणाऱ्या आतड्याचे उदाहरण माझ्यापाशी असते तर पहिल्याच तासाला वापरले असते.

सांजवात:

सल्फोनिलयुरियाविषयी आमच्या घरात घडलेला प्रसंग सांगावासा वाटतो, कारण लेखातला ‘खोटी वर्दी’ हा शब्द वाचल्यावर तो मला नव्याने समजला.

सासऱ्यांचे वय ७८ आहे. ते बरीच वर्षे ग्लिबेनक्लामाइड घेत होते. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, अन्न जाईना, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत या शिस्तीने त्यांनी सकाळची गोळी उपाशीपोटी घेतली. दुपारी ते मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारू लागले. सदरा घामाने चिंब भिजला होता, पण हात थरथरत नव्हते, म्हणून तो तापाचा घाम असावा असे आम्ही धरून चाललो. यंत्रावर साखर ४१ निघाली. पाण्यात साखर विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांत ते भानावर आले आणि आम्ही निश्चिंत झालो. संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार झाला. मग रुग्णालयात नेले, तिथे त्यांना दीड दिवस शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले. एकदा साखर देऊन बरे वाटल्यावर ती पुन्हा का उतरली, हे आम्हाला तिथे कोणी समजावून सांगितले नाही.

खडूफळा:

आपण वेळेवर यंत्र लावले म्हणून अनर्थ टळला. पुन्हा साखर उतरण्याचे कारण असे की साखर पाजल्याने रक्तातला आकडा सुधारतो, पण बीटा पेशीवरची दारे मिटलेलीच राहतात. ग्लिबेनक्लामाइडचा अंमल एका दिवसापर्यंत टिकतो. यकृतात तिचे रूपांतर होऊन तयार होणारी द्रव्येही साखर उतरवतात आणि ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडावी लागतात. ७८ व्या वर्षी मूत्रपिंडे मंद असतात, त्यात तापाने शरीरातले पाणी कमी झालेले. आणखी एक मेख म्हणजे पाजलेली साखर स्वतःही बीटा पेशीला चेतवते, म्हणून थोड्या वेळाने इन्सुलिनची नवी लाट येते. म्हणूनच या गोळीने साखर उतरलेल्या रुग्णाला भानावर आल्यावर लगेच घरी पाठवत नाहीत. वृद्धांना ग्लिबेनक्लामाइड देणे आता शक्यतो टाळतात.

हात थरथरत नव्हते असे आपण लिहिले आहे. सासरे रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेतात का? ती गोळी थरथर आणि धडधड झाकून टाकते, घाम मात्र झाकत नाही.

सांजवात:

होय, घेतात. मेटोप्रोलोल. हे कोणीच सांगितले नव्हते. त्यांची गोळी आता बदलून लिनाग्लिप्टिन दिली आहे.

पाऊलखूण:

माझा प्रश्न ग्लिफ्लोझिनविषयी आहे. नोकरीच्या ठिकाणी वार्षिक तपासणी झाली, तिच्या अहवालात माझ्या लघवीतील साखरेपुढे चार अधिक चिन्हे होती आणि शेजारी लाल शाईत ‘मधुमेह अनियंत्रित’ असा शेरा होता. माझे एचबीए१सी ६.८ आहे. तपासणाऱ्याला मी काय सांगावे?

सूक्ष्मदर्शी:

आपण एम्पाग्लिफ्लोझिन किंवा तत्सम गोळी घेत असाल तर ती चार अधिक चिन्हे गोळी चालू असल्याचा पुरावा आहेत. गोळीचे नाव त्या अहवालावर लिहून द्यावे आणि एचबीए१सी जोडावे. एरवी रक्तातली साखर साधारण १८० ओलांडल्यावरच लघवीत उतरते. ही गोळी तो उंबरठा बराच खाली आणते. एसजीएलटी-२ जन्मतःच नीट काम करत नाही अशीही काही कुटुंबे असतात आणि त्यांची लघवी आयुष्यभर गोड असूनही ती माणसे बहुतेक धडधाकट असतात. असे औषध सुरक्षित ठरू शकेल, हा विश्वास संशोधकांना वाटण्यामागे ही कुटुंबेही होती.

खडूफळा:

यात दोन सावधगिरीच्या गोष्टी जोडतो. लघवीत साखर असल्याने जननेंद्रियाच्या ठिकाणी बुरशीचा संसर्ग होतो, स्त्रियांमध्ये अधिक. लाजेने तो लपवू नये, साधे औषध असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दीर्घ उपवास, सततच्या उलट्या किंवा मोठी शस्त्रक्रिया अशा वेळी ही गोळी चालू राहिली तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होते. नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये साखर ३००-४०० असते म्हणून निदान चटकन होते. येथे साखर लघवीतून वाहून जात असल्याने यंत्रावर १६० किंवा १८० दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास ही लक्षणे असतील तर यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नये. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी हा गट साधारण तीन दिवस आधी थांबवतात, म्हणून भूलतज्ज्ञांना या गोळीचे नाव आवर्जून सांगावे.

अर्धविराम:

जीएलपी-१ ची इंजेक्शने आठवड्यातून एकदा घेतात असे ऐकले आहे. तेच औषध आता गोळीत मिळते. इन्सुलिन गोळीतून देता येत नाही, तर हे कसे जमले?

खडूफळा:

इन्सुलिन आणि आपण म्हणता ते जीएलपी-१ सारखे औषध, म्हणजे सेमाग्लुटाइड, ही दोन्ही अमिनो आम्लांच्या साखळीची बनलेली, म्हणजे जठराच्या दृष्टीने ते अन्नच. २०१९ साली मान्यता मिळालेल्या सेमाग्लुटाइडच्या गोळीत स्नॅक या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा एक साहाय्यक घटक आहे. गोळी जठराच्या भिंतीला टेकते तेवढ्याच जागेपुरती तो आम्लता कमी करतो आणि औषधाला भिंतीपलीकडे जायला मदत करतो. एवढे करूनही शोषले जाते ते जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी. म्हणून इंजेक्शनचा नेहमीचा डोस आठवड्याला १ मिलिग्रॅम, तर गोळी रोज ७ किंवा १४ मिलिग्रॅमची. सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या पेल्याहून अधिक पाणी न पिता ती घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास अन्न, चहा किंवा दुसरी गोळी घ्यायची नाही, हा नियम त्या एका टक्क्याला जपण्यासाठी आहे. हा नियम पाळणे ज्यांना जमत नाही त्यांनी इंजेक्शन घेतलेले बरे, असे माझे मत आहे.

पाऊलखूण:

मेटफॉर्मिन बारा वर्षे चालू आहे आणि अलीकडे तळपायांना मुंग्या येतात. हे मधुमेहाचेच लक्षण समजावे का?

खडूफळा:

असू शकते, पण त्याआधी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बी-१२ चे शोषण कमी होते आणि त्या कमतरतेच्या मुंग्या अगदी मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या विकारासारख्याच असतात. माझ्या बाबतीत नवव्या वर्षी हे सापडले, आणि तेही रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशी मोठ्या दिसल्यामुळे.

सांजवात:

एक शेवटचे विचारते. सासऱ्यांच्या प्रसंगानंतर आम्ही घरातल्या प्रत्येकाच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवली आहे. माझे यजमान ग्लिमेपिराइडसोबत ॲकार्बोज घेतात. त्यांनाही हीच पुडी चालेल ना?

खडूफळा:

चालणार नाही, आणि आपण विचारले हे फार बरे झाले. घरातली साखर म्हणजे सुक्रोज. तिचे दोन तुकडे झाल्याशिवाय ती आतड्यातून शोषली जात नाही आणि ते तुकडे करणारे विकर ॲकार्बोजने अडवून ठेवलेले असते. साखर ग्लिमेपिराइडने उतरेल आणि पुडीतली साखर पोटातच अडकून पडेल. त्यांच्या पिशवीत ग्लुकोजची पूड किंवा ग्लुकोजच्या चघळायच्या गोळ्या ठेवा. ग्लुकोजचे तुकडे करावे लागत नाहीत, ते थेट शोषले जाते. एका वेळी १५ ग्रॅम द्या, १५ मिनिटांनी यंत्र लावा, आकडा ७० च्या वर गेला नसेल तर पुन्हा तेवढेच द्या, आणि पुडीवर ठळक अक्षरांत ‘ग्लुकोज’ असे लिहा, म्हणजे गडबडीत दुसऱ्या कोणाची पुडी हाताला लागणार नाही.